जोडून देते

फोन वाजायला लागला तेव्हा बाई नानांना चमच्याने दूध पाजत होत्या. रविवार, सकाळचे दहा. म्हणजे मुलाचाच.

नानांनी मान वळवून फोनकडे पाहिलं आणि डावा हात चादरीवर आपटला. उजवा हात आता कशालाच दाद देत नव्हता.

“अहो, येतंय ऐकू मला,” बाई म्हणाल्या, पण जागच्या हलल्या नाहीत.

शेजारच्या वहिनी नानांची कूस बदलायला आल्या होत्या, त्या दारात थांबल्या. “काकू, मी नाही हं उचलणार आज. पहिल्या रविवारी सांगितलं, दोघं लग्नाला गेलेत. दुसऱ्या रविवारी सांगितलं, नानांचा घसा बसलाय. आता तिसऱ्याला काय सांगू? उद्या त्या पोराला तोंड कसं दाखवू मी? तुम्ही सांगा बाई काय ते.”

“सांगते ना.”

घंटा वाजून वाजून थांबली.

“करेल तो पुन्हा,” असं म्हणून वहिनी निघून गेल्या.

आता कुणालाही वाटेल, मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर जिने तीस वर्षं काढली तिला फोनची कसली भीती! तिथे तर डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना बोर्डबाईच म्हणत. चार-चार लाइनी एकदम वाजल्या तरी बाईंचा आवाज कधी चढला नाही. “बोला, कोण हवंय?” आणि “थांबा, जोडून देते.” दिवसातून दोनशे वेळा एवढंच. पण घरात पाऊल टाकलं की फोनला बोट लावायच्या नाहीत. “दिवसभर परक्यांचे फोन ऐकते, घरी तरी माझे कान मला राहू द्या,” असं त्यांनी लग्नाच्या पहिल्याच वर्षी सांगून टाकलं. नानांना तेच हवं होतं. सुंठीवाचून खोकला गेला!

कारण नाना म्हणजे अखंड बोलणारा माणूस. राँग नंबर लागला तरी पंधरा मिनिटं गप्पा मारून त्याच्या गुडघेदुखीवर औषध सांगून ठेवायचे. मुलगा नोकरीसाठी लांब गेला त्याला अकरा वर्षं झाली, आणि रविवारचं ते गुऱ्हाळ कायम नानांचं. बाई स्वयंपाकघरातून ओरडायच्या, “विचारा, वेळेवर जेवतो का!”

“आई विचारतेय, वेळेवर जेवतोस का?” नाना फोनमध्ये म्हणायचे, आणि मग आतल्या दिशेने, “जेवतो म्हणतोय गं!”

“खोटं बोलू नको म्हणावं!”

नाना तेही पोचवायचे, वर पदरचे दोन विनोद घालून. अकरा वर्षं मायलेकरांचं बोलणं असं नानांच्या तोंडून झालं आणि कुणालाच त्यात काही उणं वाटलं नाही.

अठरा दिवसांपूर्वी दात घासताना नानांचं तोंड वाकडं झालं. डॉक्टर म्हणाले, त्यांना कळतं सगळं, शब्द तेवढे गेलेत. येतील, कदाचित नाहीही येणार. ज्याच्या तोंडात कधी तीळ भिजला नाही, त्याच्यावर ही वेळ.

“मुलाला कळवलंत ना?” डॉक्टरांनी विचारलं होतं.

“हो तर,” बाई धडधडीत खोटं बोलल्या.

वहिनींना त्यांनी कारणं दिली होती: नोकरी नवी आहे, रजा मिळणार नाही, जीव टांगणीला लागेल पोराचा. सगळी लटकी. खरं एवढंच, की त्यांना सांगताच येत नव्हतं. बोर्डावरच्या पहिल्याच दिवशी साहेबांनी बजावलं होतं, पेशंट कसा आहे ते ऑपरेटरने सांगायचं नाही. माहीत असलं तरी नाही. वॉर्डला लाइन जोडायची आणि आपला कान काढून घ्यायचा. एकदा एका बाईने विचारलं, “आमचे हे कसे आहेत हो आता?” ते पहाटेच गेले होते, हे बोर्डबाईंना ठाऊक होतं. “थांबा, जोडून देते,” त्या म्हणाल्या. त्या दिवशी डबा तसाच घरी परत आला. अशा किती बातम्या त्यांच्या बोटांखालून गेल्या असतील, पण तोंडून एकही गेली नाही.

फोन पुन्हा वाजला. नाना रडत होते आणि डाव्या हाताने फोन दाखवत होते. उचल, उचल.

बाईंनी पदराला हात पुसले आणि रिसीव्हर उचलला.

“बोला, कोण हवंय?”

पलीकडे मुलगा मोठ्याने हसला. “आई? अगं, मी आहे! तू फोन उचललास? आज सूर्य कुठून उगवला म्हणायचा?”

“हं.”

“जेवतोय हं मी वेळेवर, आधीच सांगून ठेवतो.” त्याचं हसू हळूहळू ओसरलं. “नाना कुठेत? घसा सुटला का? आई... नाना बरे आहेत ना?”

वाक्य तयार होतं. सकाळपासून दहा वेळा घोकलेलं. बाळा, घाबरू नकोस, नानांना जरा... बाईंनी तोंड उघडलं. शब्द काही केल्या बाहेर येईना. आणि मग तीस वर्षं जे आपोआप येत होतं तेच आलं.

“थांबा, जोडून देते.”

“काय? आई, मला ‘थांबा’ काय म्हणतेस?”

बाईंनी फोन वायरीसकट ओढत पलंगाशी नेला आणि रिसीव्हर नानांच्या कानाला लावला.

“नाना?”

नानांचा चेहरा उजळला. सगळं बळ एकवटून ते म्हणाले, “अ...”

“नाना, थट्टा करताय ना?”

“अ... अ...”

“बोला ना हो नाना. असं काय करताय?”

लाइन जोडली की कान काढून घ्यायचा. बाईंना पळून जायचं होतं, स्वयंपाकघरात, मोरीत, कुठेही, जिथे हे ऐकू येणार नाही तिथे. पण रिसीव्हर त्यांनीच धरला होता, आणि नानांनी डाव्या हाताने त्यांचं मनगट आवळून ठेवलं होतं. सुटेना. त्या तशाच वाकून उभ्या राहिल्या. नानांचा तो एकच आवाज इकडून, मुलाच्या हाका तिकडून. दोन्ही त्यांच्या कानात.

“आई!” मुलाचा आवाज फाटला. “आई, तू आहेस ना लाइनवर?”

“आहे रे,” बाई म्हणाल्या. “आहे मी.”