खिशावरची टीप

मी जुना खिसा आहे. एका बाजूने फाटलेला, तळाशी रश्शाचा डाग पडलेला आणि सध्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात खुंटीला लटकणारा. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला लागल्या की गोड गोड बोलतात असा तुमचा समज असेल. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. मला राग आलेला आहे आणि तो कुणाकुणाचा आला आहे तेच मी सांगणार आहे.

माझा जन्म शिंप्याच्या टेबलावर झाला. मालकाने वेटरांचे कोट शिवायला टाकले तेव्हा कापड वाचावे म्हणून खिसे नकोत असे बजावले होते. शिंपी फटकळ होता. "बिनखिशाचा कोट म्हणजे उशीचा अभ्रा. असलं काही मी शिवत नाही," असे म्हणून त्याने उरलेल्या अस्तराचा एकेक खिसा प्रत्येक कोटाला लावून दिला. थोडक्यात, मालकाच्या डोळ्यांत मी पहिल्या दिवसापासून खुपत होतो.

ज्याच्या अंगावर मी चढलो त्याला सगळे 'सावकाश' म्हणत. कामाला तो चपळ होता, पण ताट वाढून झाले की गिऱ्हाइकाला "सावकाश होऊ द्या" म्हटल्याशिवाय तो टेबलापासून हलत नसे. माझ्यात त्याची पेन्सिल असे, बाटल्या उघडायचा ओपनर असे आणि टीप असे. पगार अर्धपोटी होता. वाढवा म्हटले की मालकाचे उत्तर ठरलेले, "वर टिपा मिळतातच की तुम्हाला!" म्हणजे गिऱ्हाइके मालकाची, आणि नोकराचा अर्धा पगार मात्र त्या गिऱ्हाइकांच्या मर्जीवर.

त्या वर्षांत मी खूप माणसे पाहिली आणि त्यांतली फारशी मला आवडली नाहीत. एक जण टीप मुद्दाम खरकट्या ताटात टाकायचा, म्हणजे सावकाशने बोटे बुडवून ती उचलावी. दुसरा नोट हातात धरून सगळ्या टेबलाचे लक्ष जाईपर्यंत ती हलवत बसायचा. "याला पगार मिळतो ना, मग आपण का द्यायची?" असे सावकाशच्या तोंडावर एकमेकांना विचारणारे तर रोजचेच. प्रश्न चुकीचा नाही, मित्रांनो. पण तो गल्ल्यावर जाऊन मालकाला विचारायचा असतो. तिथे जायला मात्र कुणाचे पाय उचलले नाहीत.

एका निवृत्त शिक्षिकाबाईंचा तेवढा मी अपवाद करतो. त्या एकट्याच यायच्या आणि जाताना नोटेची टपालाच्या तिकिटाएवढी घडी करून स्वतः माझ्यात सरकवायच्या. "हे तुझं हं," एवढेच म्हणायच्या. सावकाश त्या पैशांतून बूट घेणार होता. त्याच्या बुटांचे तळवे झिजून गुळगुळीत झाले होते आणि स्वयंपाकघराची फरशी सदा ओली. "आधी बूट घ्या हो, नाहीतर एक दिवस तोंडावर आपटाल," असे त्याची बायको रोज सांगायची. तो हो म्हणायचा आणि घरात दुसरेच काहीतरी निघायचे.

मग एका सुट्टीच्या दिवशी तोबा गर्दी झाली. आमचे फुगलेले खिसे पाहून मालकाच्या पोटात दुखू लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी शिंपी मशीन घेऊन हजर. यापुढे सगळ्या टिपा गल्ल्यावरच्या कुलूपबंद डब्यात जातील, त्यातून सगळ्यांना सारखा वाटा मिळेल आणि जो लपवेल त्याला चोर म्हणून घरी पाठवले जाईल, असे मालकाने जाहीर केले. शिंप्याला म्हणाला, "सगळ्या खिशांवर टीप मारून टाक. एक तोंडावर आणि एक तिरकी, कोपऱ्यापर्यंत."

पैशांची टीप बंद करायला दोऱ्याची टीप! शिंपी पुटपुटला, "मीच लावायचे आणि मीच बुजवायचे." पण त्यालाही घरदार होते. सावकाशने घाईघाईत पेन्सिल आणि ओपनर काढून घेतला. आदल्या संध्याकाळची बाईंची घडी मात्र कोपऱ्यात चिकटून राहिली होती आणि ती कुणालाच लागली नाही. सुई माझ्यातून गेली तशीच त्या नोटेतूनही गेली.

डब्याची किल्ली मालकाकडे. कप फुटला, काप त्यातून. चमचा हरवला, काप त्यातून. सावकाशच्या वाट्याला जे येई त्यात बुटाची नाडीसुद्धा आली नसती.

आणि एक दिवस कोपऱ्यातल्या टेबलावर एक पीळदार मिशांचे गृहस्थ आपल्या होणाऱ्या व्याह्यांना घेऊन आले. मुलीचे लग्न ठरत होते, त्यामुळे मागवण्यात हात सैल होता. बिल आले. बायको कानाशी लागली, "अहो, काहीतरी ठेवा त्याला."

"कशाला? उगाच सवयी लावायच्या!" असे कुजबुजून त्यांनी सुटे पैसेसुद्धा मोजून आपल्या खिशात टाकले. तो खिसा मी पाहिला. चांगला रुंद होता.

सावकाश ताटे उचलून वळला आणि त्याचा गुळगुळीत बूट घसरला. ताटे फुटली. मी खुर्चीच्या खिळ्यात अडकून टर्रकन फाटलो आणि बाईंची घडी फरशीवर, मालकाच्या पायाशी जाऊन पडली.

"टाके उसवून पैसे दडवतोस? चोर!" मालक ओरडला.

सावकाश पडल्या जागेवरून म्हणाला, "मालक, घडी बघा. बाईंची आहे ती, शिवायच्या आधीची. सुईची भोकं असतील तिला, उलगडून बघा."

मालकाने ती उलगडली नाही. तो त्या टेबलाकडे वळला. "साहेब, ही तुम्ही दिलीत का याला?"

व्याही कौतुकाने बघत होते. मित्रांनो, फक्त 'नाही' म्हणायचे होते. गृहस्थांनी मिशीवरून हात फिरवला. "हो, मीच दिली. वाढणाऱ्याला खूश करावं माणसानं."

"वा!" व्याही म्हणाले.

बायको खाली मान घालून बसली.

सावकाश उठला. त्याने कोट काढला, घडी घातली आणि खुर्चीवर ठेवला. व्याह्यांची कॉफी अजून संपायची होती. तिच्याकडे पाहून तो सवयीने म्हणाला, "सावकाश होऊ द्या." मग ओल्या फरशीवरून भिंतीला धरत धरत तो निघून गेला. ती नोट मालकाने आपल्या खिशात घातली. त्या खिशावर कुणी टीप मारलेली नव्हती.

आता या कोटाने इथे गरम पातेली उतरवतात. मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, हॉटेलांत जाल. टीप द्यायची तर हातात द्या आणि ती त्याच्याच हातात राहते का तेही विचारा. नसेल द्यायची तर देऊ नका, मी तुम्हाला शाप देणार नाही. पण जी दिली नाही ती दिली असे म्हणू नका. त्या गृहस्थांनी जन्मभर टिपेला 'नाही' म्हटले होते. ज्या दिवशी त्या 'नाही'ने एका माणसाची भाकरी वाचली असती, त्याच दिवशी ते 'हो' म्हणाले.