एकेचाळीस नंबरची पेटी

भोंगेमामांच्या दुकानात कुणी पेटी घेऊन आलं की ते आधी पेटीची मागची फळी बघत, गिऱ्हाइकाचं तोंड नंतर. त्या दिवशीही तसंच झालं. चौतिशीची एक बाई जुन्या चादरीत गुंडाळलेला भिंतीचा स्पीकर कडेवर मूल घ्यावं तसा घेऊन आली. तिने तो टेबलावर ठेवून गाठ सोडली आणि मामांनी पेटी उलटी केली. फळीवर लाल रंगात ४१ लिहिलेलं होतं. एकच्या पायाशी रंगाचा ओघळ आलेला. तो ओघळ त्यांच्याच हातचा होता.

मामांनी पेटी सरळ केली आणि कुठे मिळाली म्हणून विचारलं.

गावाबाहेरचा रंगाचा कारखाना पाडायला घेतलाय, तिथलं सामान भंगारात गेलं, त्यात ही सुकवणीच्या शेडमधली पेटी आपण मुद्दाम शोधून काढली, असं ती म्हणाली. ती औषधाच्या दुकानात कामाला होती. एवढ्यासाठी अर्धी रजा टाकून आली होती. जुन्या वस्तू दिवाणखान्यात टांगायची हौस असलेली गिऱ्हाइकं मामांकडे पुष्कळ येत. ही त्यातली नव्हती.

"माझे वडील तिथे माइकवर होते," ती म्हणाली. "या शेडमधली सात माणसं गेली ना, तेव्हा."

तेवढ्यात आतून आक्का, त्यांची थोरली बहीण, पाण्याचा तांब्या आणि पेला घेऊन आली. तिच्या कानावर शेवटचं वाक्य पडलं असावं. ती उंबऱ्यातच थांबली, बाईकडे नीट पाहिलं आणि पाणी तसंच परत आत घेऊन गेली.

"मी ओळखलं त्यांना," बाई हळू आवाजात म्हणाली. "आमच्या दारात आल्या होत्या त्या. मी बारा वर्षांची होते तेव्हा."

मग तिने काय हवंय ते सांगितलं. पेटी पहिल्यासारखी वाजली पाहिजे, आणि पार्ट घालाल ते त्याच काळचे घाला, नवं काही नको. वडील गेल्या वर्षी वारले. जाईपर्यंत एकच सांगत होते, मी सुकवणीचं बटण दाबलं होतं, तीनदा बोललो होतो. चौकशीत निघालं की पेटी धडधाकट होती, म्हणजे यांनीच बटण दाबलं नाही. "मला एकदा माझ्या कानांनी ऐकायचंय," ती म्हणाली. पंधरा दिवसांनी या, असं मामांनी सांगितलं.

आता मामांविषयी सांगायला हवं. शाळा, स्टेशनं, जुनी थिएटरं, कचेऱ्या यांच्या भिंतींवर लाकडी पेटीतले जे स्पीकर असत, ते दुरुस्त करणारा त्या भागात हा एकच माणूस उरला होता. फाटलेल्या कागदी पडद्याला पातळ कागदाचं ठिगळ असं लावत की बोट फिरवलं तरी कळू नये. पार्ट बनायचे केव्हाच बंद झालेले, त्यामुळे पंचक्रोशीतल्या प्रत्येक भंगारवाल्याकडे काय पडलंय हे त्यांना तोंडपाठ. तारेची बारीक वेटोळी गुंडाळायचं आणि पेटीच्या तोंडावर कापड ताणून बसवायचं काम आक्काचं. तिची बोटं सडपातळ आणि हात स्थिर. तिचा मुलगा त्यांना मामा म्हणायचा म्हणून अख्खी गल्ली मामा म्हणू लागली, आणि पुढचं 'भोंगे' गल्लीनेच चिकटवलं.

आक्का बावीस वर्षं भावाकडे राहत होती. त्या सात माणसांत तिचा नवरा होता.

त्या वेळी मामा कारखान्यात होते. एकूण चौसष्ट पेट्या आणि त्यांची देखभाल त्यांच्याकडे. प्रत्येक पेटीत एक छोटा ट्रान्सफॉर्मर असे. लांबच्या तारेतून आलेला आवाज पेटीला पेलेल असा तो करून देई. तो काढला की पेटी मुकी. नवीन ट्रान्सफॉर्मरसाठी मामांनी स्टोअरला आठ महिने चिठ्ठ्या पाठवल्या होत्या. स्टोअरवाला म्हणे, वर पाठवलंय. वरचे म्हणत, बघू. आणि एक दिवस ऑफिसातली सात नंबरची पेटी गप्प झाली. दुसऱ्या दिवशी मोठे साहेब पाहणीला यायचे होते. फोरमनने सांगितलं, कुठूनही काढ, पण उद्या ही बोलली पाहिजे.

मामांनी सुकवणीच्या शेडमधून काढला. तिथे पंख्यांच्या घरघरीत तसंही कुणी गाणी-बिणी ऐकत नसे. आठवड्याभरात दुसरा मिळेल, मग बसवू, असं त्यांनी मनाशी म्हटलं आणि वहीत नोंद केली नाही.

अकराव्या दिवशी दुपारी तीन वाजता रसायनाची टाकी फुटली आणि विषारी वाफ पसरली. माइकवाल्याने एकेका शेडचं बटण दाबून बाहेर पडायला सांगितलं. बाकी सगळ्या शेडमधली माणसं पळाली. सुकवणीतली सात जणं पंख्यांच्या आवाजात काम करत राहिली.

त्यानंतर मामांनी जे केलं, ते त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. संध्याकाळी हवा निवळल्यावर त्यांनी कँटीनच्या पेटीतला ट्रान्सफॉर्मर काढला, सुकवणीत शिडी लावली आणि तो एकेचाळीसमध्ये बसवला. चौथ्या दिवशी चौकशीवाले आले. त्यांनी बटण दाबून पाहिलं, पेटी खणखणीत वाजली. माइकवाल्याची नोकरी गेली, दोन वर्षं खटला चालला, लोकांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. आक्का त्याच्या दारात जाऊन तासभर शिव्याशाप देऊन आली, आणि तिला धरून घरी आणायला मामाच गेले होते.

बाई पेटी ठेवून गेली त्या दिवशी आक्का जेवताना म्हणाली, "त्या मेल्याच्या घरची वस्तू आहे. मी हिला हात लावणार नाही. कापड तुझं तू बसव."

मामांनी मान हलवली. बावीस वर्षं ते हेच करत आले होते.

पेटी उघडली तर पडदा उंदराने कुरतडलेला आणि ट्रान्सफॉर्मर ओल लागून जळालेला. त्यावर मामांच्याच हातचा २३ आकडा, कँटीनचा. तो त्यांनी कचऱ्यात टाकला, पुन्हा उचलला, हातोडीने ठेचला आणि पुन्हा टाकला. पडद्याला तीन ठिगळं लावली. ट्रान्सफॉर्मर मात्र तसा दुसरा घरात नव्हता, म्हणून ते भंगारबाजारात गेले.

कारखान्याचा माल उचलणारा भंगारवाला त्यांचा जुना ओळखीचा. तो म्हणाला, "मामा, तुमच्या लेकी सगळ्या माहेरी आल्यात बघा," आणि त्याने कोपऱ्यातला ढीग दाखवला. पंधरा-वीस पेट्या होत्या. पावसापाण्यात भिजून फळ्या फुगलेल्या, कापडं कुजलेली. मामा उकिडवे बसून एकेक उघडत गेले. बहुतेकांमधलं तांबं कुणीतरी आधीच ओरबाडून नेलं होतं. ऑफिसातली सात नंबरची पेटी तेवढी शाबूत होती. तिला साहेबांच्या भिंतीवर बावीस वर्षं कोरड्यात ठेवलेलं. आतल्या ट्रान्सफॉर्मरवर लाल ४१.

भंगारवाल्याने चहा सांगू का म्हणून विचारलं, तेव्हा उठले. ट्रान्सफॉर्मर कागदात गुंडाळून घरी आणला, ब्लेडने आकडा खरवडून काढला आणि एकेचाळीसमध्ये बसवला. आता विचारणारं कुणी नव्हतं आणि दिसणारंही काही उरलं नव्हतं.

पंधराव्या दिवशी बाई आली. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. मामांनी पेटी खिळ्याला टांगली, तार जोडली आणि बोलायचा माइक तिच्या हातात दिला. बाहेर जाऊन बोला, म्हणाले. ती बाहेरच्या वऱ्हांड्यात गेली. मग पेटीतून तिचा आवाज आला: "सुकवणी विभाग. बाहेर पडा. सुकवणी विभाग, बाहेर पडा." तिने ते तीनदा म्हटलं. प्रत्येक शब्द स्वच्छ होता. आत भांडी घासायचा आवाज थांबला.

ती परत आली तेव्हा मामांना वाटलं होतं ती रडत असेल. ती रडत नव्हती. तिने माइक टेबलावर ठेवला आणि चादरीची घडी घालायला लागली.

"चांगलं केलंत काम, काका," ती म्हणाली. "मला वाटायचं, पेटीचाच आवाज पुसट असेल, म्हणून त्यांना कळलं नसेल. एवढी स्पष्ट ऐकू येते, म्हणजे चौकशीवाले खरं बोलत होते. बाबा घाबरले असतील. विसरले असतील बटण. मग लाजेने कबूल केलं नसेल."

मामांनी पेटीची तार सोडवली.

"मी भांडत राहिले त्यांच्यासाठी. नवऱ्याशी, सासरी, सगळ्यांशी. आई तर म्हणायची, कबूल करा आणि मोकळे व्हा. मीच म्हणायचे, बाबा खोटं बोलत नाहीत." तिने चादरीची टोकं जुळवली. "आता पुरे झालं."

एवढं म्हणून तिने पेटीला हात घातला. मामांनी तिचा हात धरला नसता तर ती गेलीच असती.

"थांबा," ते म्हणाले. "तुमच्या वडिलांनी बटण दाबलं होतं. पेटीत जीव नव्हता. मी काढला होता."

मग त्यांनी सगळं सांगितलं. ऑफिसची पेटी, फोरमन, न केलेली नोंद, कँटीन, शिडी. एकदा सुरू झाल्यावर ते थांबले नाहीत आणि कुठे आपली बाजूही घेतली नाही. फक्त आठ महिन्यांच्या चिठ्ठ्यांचा उल्लेख दोनदा आला. बाई स्टुलावर बसली होती. तिचा चेहरा औषधाची चिठ्ठी वाचताना असावा तसा होता. संपल्यावर तिने पर्समधून कागद आणि पेन काढलं.

"लिहून द्या," ती म्हणाली. "तारखेसकट."

मामा लिहीत असताना आक्का आतल्या दारात उभी होती. ती केव्हा आली ते दोघांनाही कळलं नव्हतं. हाताला भांड्यांची राख तशीच.

"संध्याकाळी किती वाजता बसवलास?" तिने विचारलं.

"सहाच्या सुमाराला."

"तेव्हा ते तिथेच होते?"

मामांनी लिहिणं थांबवलं. सातही जणांना शेडच्या ओट्यावर ओळीने निजवलेलं होतं, वर ताडपत्री. मेहुण्याचे पाय बाहेर आले होते, कारण तो उंच होता. शिडी घेऊन आत जायला तेवढीच वाट होती.

"होते," ते म्हणाले.

"आणि तू वर चढून स्क्रू पिळत होतास." आक्काने हात पदराला पुसले. "घरी आलास तेव्हा मी तुझ्याच गळ्यात पडले रे."

ती आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा येऊन तिला त्याच्या गावी घेऊन गेला. मामांकडे त्याने पाहिलं नाही. रिक्षात सामान ठेवताना एक पिशवी राहिली, ती मामांनी पुढे केली तेव्हा त्याने ती त्यांच्या हातून न घेता जमिनीवर ठेवायला लावली.

बाईने तो कागद घेऊन पुष्कळ उंबरे झिजवले. कारखाना बंद, मालक परदेशात, फोरमन मेलेला. ज्या कचेरीत चौकशीची फाईल होती तिथे कळलं की जुन्या फाइली नष्ट करून टाकल्या. तिथल्या कारकुनाने कागद दोनदा वाचला आणि सांगितलं, बाई, यात आता कुणाला काय करता येणार. शेवटी तिने तो कागद गावच्या पेपरात छापून आणला. चार-आठ दिवस लोक मामांच्या दुकानासमोरून जाताना चाल मंद करत. मग तेही थांबलं. गिऱ्हाईक मात्र परत आलं नाही.

मामांनी त्या कागदाच्या सात प्रती काढल्या. मेलेल्यांची घरं कुठल्या कुठे पांगलेली. शोधायला त्यांना चार महिने लागले. पार्ट शोधत हिंडायची सवय होती, ती इथे उपयोगी पडली. पहिल्या घरी त्यांना उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. दुसऱ्या घरातल्या मुलाने ऐकून घेतलं आणि कानाखाली वाजवली. तिसऱ्या घरी म्हातारी होती, तिला काही आठवत नव्हतं. ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली, तुम्ही कोणाकडचे. चौथ्या घरच्या बाईने दुसरं लग्न केलं होतं, तिने हात जोडले, माझ्या माणसाला यातलं काही माहीत नाही, इथे येऊ नका. पाचव्या घराला कुलूप. तिथे त्यांनी कागद फटीतून सरकवला. सहाव्या ठिकाणी फक्त भाऊ उरला होता. त्याने सगळं ऐकलं आणि म्हणाला, तुम्ही आधी आला असता तर आमची आई जिवंत होती.

सातवं घर आक्काचं. भाच्याला त्यांनी फोन केला. तो म्हणाला, आई तुमच्याशी बोलत नाही. मामा तरी गेले. बसने सहा तास लागले. दुपारी ते भाच्याच्या दाराशी पोचले आणि पायरीवर बसले. आतून कुणी आलं नाही. शेजारच्यांनी कोण पाहिजे म्हणून विचारलं. ऊन पायरीवरून उतरून रस्त्यावर गेलं, तेव्हा दार उघडलं आणि आक्का बाहेर आली. ती वाळली होती. बाहेरची खुर्ची ओढून ती बसली.

"बोल," ती म्हणाली. "इतरांना सांगितलंस तसं. मी कोण ते विसरून सांग."

मामांनी सांगितलं. आपलं नाव, हुद्दा, तारीख, पेटीचा नंबर. तुमचे यजमान, असं म्हणायची वेळ आली तिथे ते अडले. पण आक्का थांबली, ते पुन्हा बोलेपर्यंत तशीच बसून राहिली. मामांनी कागद पुढे केला. तिने तो घेतला, चष्मा नसल्यामुळे हात लांब धरून सगळा वाचला आणि घडी घालून मांडीवर ठेवला.

"ऐकलं मी," ती म्हणाली. "आता जा. शेवटची बस पाचला असते."

मामा उठले. कोपऱ्यावर जाऊन त्यांनी एकदा मागे पाहिलं. आक्का खुर्ची आत नेत होती. मग ते स्टँडच्या रस्त्याला लागले. पाचची बस त्यांना मिळाली.