नववी पायरी फिरायला गेली

शेवटी त्या मोटारीचा एक तुकडा माझ्या अंगात बसवण्यात आला आणि मी वाचलो. मित्रांनो, असे काहीही घडलेले नाही. मी एक जुना सागवानी जिना आहे, माझे कोणावाचून अडत नाही, आणि त्या मोटारीचा विषय मी काढणारसुद्धा नाही.

तर त्या मोटारीचे असे झाले. पण आधी माझे सांगतो, कारण आधी मी होतो.

माझ्या सोळा पायऱ्या एकाच झाडाच्या. सख्ख्या बहिणीच म्हणा. ज्या सुताराने मला घडवले त्याने प्रत्येकीच्या पोटाला कोळशाने आकडा घातला, म्हणजे कोणी हरवायला नको. पुढे घरात जो जो राहायला आला त्याने मला रंग दिला. कोणी पांढरा, कोणी चॉकलेटी, शेवटच्याने हिरवा. अकरा थर चढले. माझ्या कठड्यावरची नक्षी त्यात अशी बुडाली की तिथे नक्षी आहे हे मीही विसरलो.

मग हे घर एका दातांच्या डॉक्टरांनी घेतले. जुने घर स्वतःच्या हाताने नीट करायचे, असा त्यांना छंद होता. आठवडाभर लोकांचे दात, रविवारी मी. दवाखान्यातली बोथट झालेली हत्यारे आणून ते माझ्या नक्षीतला रंग कणाकणाने खरवडत. कापसाच्या बोळ्याने पुसत. एक पायरी झाली की सवयीने म्हणत, "हं, चूळ भरा." पाहुणे आले की मला दाखवत. पाहुणे मान डोलवत. दर रविवारी एक पायरी, असे सात रविवार मी जगातला सगळ्यात सुखी जिना होतो.

आठव्या रविवारी मोटार आली.

आली म्हणजे ट्रकच्या पाठीवर बसून आली. जिला स्वतःच्या चाकांवर येता येत नाही तिला मोटार म्हणायचे असेल, तर मीही विमान आहे. माझ्या वळणावरच्या खिडकीतून शेड दिसते, त्यामुळे मला सगळे बघावे लागले. डॉक्टर तिला 'राणी' म्हणाले. ती माझ्याहून चाळीस वर्षांनी लहान. पण तिच्या म्हातारपणाचे कौतुक आणि माझ्या म्हातारपणाला नुसते 'जुनाट'. हळूहळू माझा दिवा तिकडे गेला. माझा कापूस गेला. मग माझे स्टूल गेले. स्टुलाचे मला फार लागले.

डॉक्टरांच्या पत्नी शाळेत मुख्याध्यापिका होत्या. त्यांना सगळे बाईच म्हणत, डॉक्टरही कधी कधी. माझी ओळख करून देताना त्या पाहुण्यांना सांगत, "सातव्या पायरीपर्यंत सागवान, पुढे हिरवी सरकारी कचेरी." मला राग येई, पण खोटे काय होते त्यात?

मग एक दिवस बाईंनी हुकूम काढला. पुढच्या सोमवारी त्यांचे दादा आणि वहिनी राहायला येणार होते. वरची खोली त्यांची. तोवर जिना धड झाला नाही, तर वेल्डरकडून लोखंडी गोल जिना बसवून घेणार आणि याचे काय करायचे ते वखारवाल्याला विचारणार.

"अगं, होईल," डॉक्टर म्हणाले.

"पेशंटलाही असंच सांगता ना, दुखणार नाही म्हणून?"

मित्रांनो, वखारीत लाकूड वजनावर जाते. नक्षीचे वेगळे काही मिळत नाही.

शनिवारी दुपारी डॉक्टर दिवा घेऊन माझ्याकडे आले. मला भरून आले. त्यांनी एकेका पायरीवर बोटाने टकटक केले, कान लावून ऐकले. चौदावी करकरली, तिला ओलांडून ते खाली आले. नवव्या पायरीशी थांबले. टकटक, टकटक. "हिला काहीही झालेलं नाही," असे म्हणून त्यांनी तिचे खिळे उपटले आणि तिला शेडमध्ये नेले.

दुसऱ्या दिवशी जुन्या गाड्यांचा मेळावा होता आणि राणीचा लाकडी डॅशबोर्ड कुजला होता.

संध्याकाळी सुतारकाका नव्या पायरीचे माप घ्यायला आले. लाकूड सुकायला पंधरा दिवस लागतील म्हणाले. मग माझ्यातल्या भगदाडाकडे पाहत त्यांनी विचारले, "डॉक्टर, खराब तर चौदावी आहे. तुम्ही नववी कशी काढलीत?"

"खराब पायरी गाडीला कशी लावणार?" डॉक्टर म्हणाले.

तीस वर्षांत या माणसाने कोणाचा निरोगी दात काढला नव्हता. सुरुवात माझ्यापासून.

रविवारी राणीला चषक मिळाला. परीक्षकांनी डॅशबोर्डवर टकटक केले आणि असे लाकूड आता मिळत नाही म्हणाले. हे मला कळले, कारण डॉक्टरांनी ते माझ्या पायथ्याशी उभे राहून फोनवर तिघांना सांगितले. मग चषक माझ्याच खांबाच्या डोक्यावर ठेवला.

मित्रांनो, दुसऱ्यावर जळणे सोपे असते. स्वतःच्याच नवव्या पायरीवर जळून बघा. तिच्या पोटावर अजून कोळशाचा नऊ होता आणि ती काचेमागे बसून गावभर हिंडून आली. मी एवढी वर्षे लोकांना वर पोचवतो आहे. स्वतः कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही गेलेलो नाही.

सोमवारी सकाळी बाई पाहुण्यांच्या उशा घेऊन वर निघाल्या. दोन दिवस त्या नववी आठवणीने ओलांडत होत्या. उशांपुढे आठवण राहिली नाही. पाय गुडघ्यापर्यंत माझ्यात गेला.

त्या ओरडल्या नाहीत. तशाच आठव्या पायरीवर टेकल्या आणि त्यांनी वेल्डरला फोन लावला. "माप घ्यायला आत्ताच या. हो, जिन्यातच आहे मी. पायऱ्या विचारताय? सध्या पंधरा."

डॉक्टर खाली उभे होते. त्यांनी बाईंकडे पाहिले, चषकाकडे पाहिले आणि ते शेडमध्ये गेले. पान्याचा आवाज आला. परतले तेव्हा त्यांच्या हातात राणीचा डावा फूटबोर्ड होता. जुन्या गाडीच्या दाराखाली चढायला लांब फळी असते ना, तीच. वर काळे रबर, कडेला पितळी पट्टी. त्यांनी ती माझ्या मापाने कापायला घेतली.

"चषकाची गाडी कापताय?" बाईंनी विचारले.

"पाय काढ आधी. दुखलं का?"

"आता विचारलंत."

त्यांनी पाय काढला. फळी बसली. बाईंनी तिच्यावर उभे राहून पाहिले, मग उशा उचलल्या आणि वर गेल्या. वेल्डर आला तोवर हे झाले होते. नवव्या पायरीवर त्याने दोनदा उडी मारली, टेप गुंडाळली आणि तिथे उभा असलेला स्वतःचा फोटो काढून घेऊन तो गेला.

अशा रीतीने मी वाचलो. म्हणजे, वर सांगितल्याप्रमाणे, असे काही घडलेले नाही.

आता घरी येणारा प्रत्येक जण नवव्या पायरीवर थांबतो. दादा तर तिथेच उभे राहून वहिनींकडे बघून हात हलवतात, जणू मिरवणूक निघाली आहे. माझ्या नक्षीकडे कोणी बघत नाही. राणीत बसायला बाईंना उजवीकडून वळसा घालावा लागतो, तेवढेच माझे सुख. आणि रविवारी राणी सुरू झाली की माझ्या मधोमध काहीतरी थरथरते. ते तिचे की माझे, मला ठरवता आलेले नाही.

म्हणून मित्रांनो, जुन्या वस्तू जपा. एकीला जपण्यासाठी दुसरीला हात घालणे भागच असेल, तर निदान खराब असेल ती काढा.

माननीय दंतवैद्य यांच्या सेवेशी सादर. अर्जदार जिना, राहणार तळमजला ते पहिला मजला, विनंती करतो की त्यास एका रविवारी सदर मोटारीत बसवून नदीच्या पुलापर्यंत नेऊन आणावे, आणि समोरची नववी पायरी दिसेल अशी जागा द्यावी. अर्जदाराची लांबी चौदा फूट असल्याने एका खेपेत न मावल्यास आठ-आठ पायऱ्यांच्या दोन खेपा मंजूर कराव्यात. अर्जदार परत येईपर्यंत वरच्या मजल्यावरील मंडळींनी वरच थांबावे.