कर्ण्यापुढचा तांब्या

सिंदी गावच्या भजनात डोमाजीचा आवाज पहिल्या नंबरचा. गाता गाता त्याचा घसा सुकला की ऐकणाऱ्यांपैकी कोणीतरी न सांगता पाण्याचा तांब्या पुढं ठेवायचं. एवढाच त्याचा मान, पण त्याचा ताठा मोठा.

चोपन्न सालच्या दिवाळीत कापसाचे दलाल बंडूजी यांनी ओसरीवर ग्रामोफोन लावला. मुंबईहून चेलोच्या रेकॉर्डी आणल्या होत्या; चेलो म्हणजे माणसाएवढी विलायती सारंगी. कर्ण्यातून जाड, खोल सूर निघाला.

"म्हैस हंबरून राह्यली," म्हणत बंडूजींची बायको रुख्मिणी पदरात हसली. बंडूजी डोळे मिटून बसले. डोमाजी मात्र करवादला, "ना देवाचं नाव, ना टाळ. हे कायचं गाणं?"

सूर चढत चढत गेला आणि ऐन उंचीवर तुटला. रेकॉर्डची बाजू संपली होती. सुई नुसती खरखरत होती.

कापसाच्या जिनिंगात कामाला जाणारी देवकाबाई इतका वेळ खांबाला टेकून ऐकत होती. ती उठली, माठातून तांब्या भरून आली. डोमाजीनं सवयीनं हात पुढं केला. ती त्याला ओलांडून गेली आणि तांब्या कर्ण्यापुढं ठेवला.

"घसा सुकला बिचाऱ्याचा. किती जीव तोडून गायला!"

"अवो, तो माणूस नाई, बाजा हाय," बंडूजी हसले.

डोमाजीच्या अंगावर काटा आला होता. त्यानं पुढं केलेल्या हाताला हळूच दुसरा हात जोडला आणि म्हणाला,

"तांब्या राहू द्या, बंडूजी. दुसरी बाजू लावा. त्याचं गाणं अर्धं राह्यलं."