माळावरचं एकच बेट

मल्हार दोन वर्षांचा झाला तशा सासूबाई म्हणाल्या, "दीपाली, आता अंगावरचं दूध तोड. माळावरची कोरफड लाव. कडू लागलं की सोडंल."

मी विळा घेऊन माळावर गेले. माळ बराचसा नांगरलेला. रानकोरफडीचं एकच बेट बांधाला उरलेलं, तेही फुलावर आलेलं.

मेंढरं वळणारे बलभीममामा म्हणाले, "कॉलेजवाले सांगत होते, ही जात किती उरली ते अजून कुणी तपासलंच न्हाय."

"मंग तुमी राखा की, मामा."

"मेंढरं तोंड लावत न्हाईत. विळेवाल्याच येतात."

मी विळा पदराआड धरला.

घरी सासूबाईंना म्हटलं, "आत्या, एकच हाय, ठेवली. उद्या कडुलिंब लावते."

मल्हार पदरात शिरला. नवरा ट्रकवर गेल्यापासून मला बिलगणारं तेवढंच कुणीतरी होतं. उद्यापर्यंत तरी.