शेगडीजवळच्या दोन विटा

जावयाचं पोट लिफ्टच्या दुरुस्तीवर चालायचं, आणि कुठलीही फिरती वस्तू दिसली की त्याचे हात शिवशिवायचे. सासऱ्यांच्या मागच्या अंगणातली शेगडी तर लग्न झाल्यापासून त्याचा पिच्छा सोडत नव्हती. झाकणाची, कोळशाची शेगडी. आडव्या सळईवर डुकराच्या खांद्याचा दोऱ्याने करकचून बांधलेला गोळा, आणि सळई फिरवणारी एवढीशी मोटर. यंत्र त्याला समजत होतं, माणूस समजत नव्हता. ऊन लख्ख असलं की सासरे शेगडीला हात लावत नसत. आभाळ फाटलं की मात्र स्वारी टोपी घालून बाहेर, आणि घरात बसलेल्या जावयासमोर यायचं ते थेट ताटातलं मांस.

असं का, म्हणून त्याने बायकोला विचारलं. ती म्हणाली, आमच्याकडे पहिल्यापासून असंच. लहानपणी तर तिला वाटायचं, सगळं जग पावसातच मांस भाजतं. सासरे म्हणाले, ओल्या हवेत मांस मऊ राहतं. ही चक्क थाप होती. झाकणावर पाऊस पडला की आच बसते, वाऱ्याने कोळसे एकीकडे भडकतात आणि दुसरीकडे विझतात, एवढं लिफ्टवाल्यालाही कळत होतं.

पण सध्या घरात कुणाला काही विचारायची सोय नव्हती. सासऱ्यांनी सासूबाईंचं जुनं शिवणयंत्र त्यांना न विचारता भंगारात देऊन टाकलं होतं. गंजलेलंच तर होतं, एवढंच त्यांचं म्हणणं. तेव्हापासून सासूबाई नवऱ्याशी चकार शब्द बोलल्या नव्हत्या. आता त्यांची बॅग भरून दाराशी ठेवली होती. उद्या त्या थोरल्या मुलीकडे जाणार होत्या, आणि परत कधी येणार हे विचारायची कुणाची छाती होत नव्हती.

त्या दुपारी वादळ उठलं आणि सासऱ्यांनी कोळशाची गोणी बाहेर काढली.

जावयाला वाटलं, आज तरी मांस झकास व्हायला हवं. चार घास पोटात गेले तर सासूबाई विरघळतील. त्याने गाडीतून पत्रे आणि पाइप आणले, शेगडीवर छप्पर उभं केलं, वाऱ्याच्या बाजूला आडोसा केला. मोटरवर बिस्किटांचा रिकामा डबा उपडा घातला. गोळा एका अंगाला जड होता, सळई गचके देत होती. त्याने दुसऱ्या अंगाला वजन अडकवून तोल साधला, आणि लिफ्टलासुद्धा असंच वजन लागतं हे सासऱ्यांना दोनदा ऐकवलं. छप्पर वाऱ्याने हलत होतं. शेगडीच्या उजव्या हाताला दोन विटा एकावर एक ठेवलेल्या होत्या. त्या उचलून त्याने छपराच्या पायांवर दाबल्या.

"त्या तिथंच असू द्या, जावईबापू," सासरे म्हणाले.

"पण बाबा, त्यांचं तिथं काम काय?"

चरबी खालच्या ताटात टपटपत होती, वास असा सुटला होता की शेजाऱ्यांनी खिडक्या उघडल्या. सासरे मात्र कोरडे ठणठणीत उभे राहून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते. चेहरा पार पडलेला.

जावई हात धुवायला आत गेला. दारात सासूबाई उभ्या होत्या. पायात चपला, हातात मोठी काळी छत्री, अर्धी उघडलेली. त्या बाहेरच्या पत्र्यांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी छत्री मिटली, खिळ्याला अडकवली आणि चपला काढल्या.

"छान केलंत हो छप्पर," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

जावई ओल्या हातांनी तिथेच थबकला. सासरे ताडमाड उंच. सासूबाई जेमतेम त्यांच्या छातीपर्यंत पोचायच्या. नवऱ्याच्या डोक्यावर छत्री धरायची तर त्यांना पायाखाली काहीतरी हवंच. दोन विटा! म्हातारा इतकी वर्षं वाईट हवेची वाट बघत होता ती यासाठी. आणि आपण नेमकं आजच छप्पर घातलं. जावयाने कपाळावर हात मारून घेतला.

तो बाहेर गेला आणि छपराचे नट सोडवू लागला.

"अहो, भिजेल सगळं," सासरे म्हणाले.

"भिजू द्या, बाबा."

पत्रे खाली आले. पावसाने झाकण चरचरलं. जावयाने विटा होत्या तशा एकावर एक रचल्या आणि तो भिंतीच्या आडोशाला जाऊन उभा राहिला. सासऱ्यांच्या टोपीतून पाणी गळायला लागलं. डावीकडचे कोळसे काळे पडले. दार बंदच होतं. आता येत नाहीत त्या, असं जावयाच्या मनात आलं.

मग दार वाजलं. सासूबाई छत्री उघडून चिखलातून तरातरा आल्या, विटांवर चढल्या आणि छत्री नवऱ्याच्या डोक्यावर धरली. त्यांचा स्वतःचा एक खांदा भिजत होता.

"विचारायचंत तरी मला," त्या म्हणाल्या. "आईने दिलं होतं ते."

"चुकलं माझं," सासरे म्हणाले.

सासूबाईंनी छत्री दुसऱ्या हातात घेतली आणि तशीच धरून ठेवली.

मांस एकीकडे करपलं, दुसरीकडे कच्चं राहिलं. एवढं वाईट मांस त्या घरात कधी झालं नव्हतं, असं बायको म्हणाली. शेवटी ते चिरून तव्यावर परतायचं ठरलं. सासूबाईंनी सुरी हातात घेतली, आजूबाजूला बघितलं, आणि मागे उभ्या असलेल्या नवऱ्याला म्हणाल्या, "माझा ॲप्रन बॅगेत गेलाय. तेवढा काढून आणा."