उलट्या बिजागऱ्यांचं कपाट

साहेब, तुम्ही माझी गरिबी छापलीत आणि माझं कपाट नापास केलंत.

तुमच्या गुळगुळीत पत्रकात माझा फोटो आहे. खाली लिहिलंय, ‘एका खोलीत वाढलेली डिझायनर, एका खोलीच्या घरांसाठी.’ वाचायला झकास. पण त्या खोलीने शिकवलेलं मी कामगारांच्या घरांसाठी लाकडात उतरवलं, तर म्हणालात, “बिजागऱ्या चुकीच्या बाजूला लागल्यात. भिंतीकडून लावा. आता दार उघडलं की खोली अडते.”

अडायलाच हवी!

आमचं कपाट कोपऱ्यात होतं आणि दार असंच उलटं उघडायचं. ते सताड उघडलं की एका बाजूला भिंत, मागे कपाट, दुसऱ्या बाजूला दार. सात माणसांच्या घरात एकाचा आडोसा. दार उघडं दिसलं की त्यामागच्याला हाक मारायची नाही, हा घरचा कायदा. ताई तिथेच कपडे बदलायची. बाबांची नोकरी गेली तेव्हा तेही तिथे जाऊन बसले. धाकट्याने विचारलं, “बाबा काय करतायत?”

“सदरा शोधतायत,” आई म्हणाली.

“एवढा वेळ? आहेत किती सदरे?”

आम्ही फिदीफिदी हसलो. दारामागे बाबाही हसले. मग नाक ओढल्याचा आवाज आला. 

परवा तुमच्या नमुन्याच्या खोलीत आई आली. तिने दार उघडलं, मागे गेली, खालच्या फळीवर बसली.

तुम्ही म्हणालात, “आजी, दार लावा आणि समोरून बघा.”

“थांब रे बाबा, आत माणूस आहे.”

सगळे हसले. तुम्हीसुद्धा. बाबा गेल्यापासून आई सतत माणसांच्या गराड्यात आहे. तिला डोळे पुसायला जागा नव्हती. ती बराच वेळ बाहेर आली नाही. आल्यावर मला म्हणाली, “आपलं दार करकरायचं. हे बरं केलंस.”

आणि तुम्ही? “भावना ठीक आहेत मॅडम, पण बिजागऱ्या बदला. पत्रकातली गोष्ट राहू दे, लोकांना आवडते.”

नाही बदलत. बिजागऱ्या आहेत तिथेच राहतील, नाहीतर कपाटही नेते आणि माझा फोटोही. गोष्ट हवी आणि दार नको, हे चालणार नाही.

तुमच्या घरात खोल्या किती, ते विचारत नाही. घर माणसांनी भरलेलं असताना रडू फुटलं, तर तुम्ही आत जाऊन दार लावता ना? मग या लोकांनी कुठे जायचं? खाली काय बघताय साहेब? सांगा.